वीस बैलजोड्यांची फटफटी



उसाचं बिल जमा झालं, सोयाबीन विकलं किंवा कांद्याला बरा भाव लागला, की आपल्या घराघरांतून एक वाद हमखास उभा राहतो. बापाला वाटतं, विहिरीवरची मोटर बदलावी, पाइपलाइन वरच्या पट्टीत न्यावी. आईला वाटतं, पत्रे काढून स्लॅब टाकावा, नाहीतर लेकीसाठी दोन पैसे बाजूला पडावेत. आणि घरातला तरणा पोरगा ताटावर मान खाली घालून एकच शब्द बोलतो, "बुलेट."

बाप भडकतो. "दूध घालायला जुनी गाडी आहे ना दारात? ती काय चालत नाही?" पोरगा गप्प. आई मधल्या मधे कासावीस. ताट तसंच ठेवून पोरगा उठतो आणि पारावर जाऊन बसतो.

या वादात बापाचं म्हणणं सगळ्यांना कळतं. पोराचं म्हणणं मात्र कोणी ऐकून घेत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते नीट सांगता येत नाही. म्हणून या आठवड्यात ओसरीवर बसून आधी पोराची बाजू मांडू. भारी फटफटीत असं काय असतं, की तिच्यापायी शहाणं पोर वेडं होतं, ते पाहू. मग हिशेबही मांडू, पैशाचा आणि जिवाचाही. दोन्ही बाजू ऐका आणि मग घरात बसून ठरवा.

वेड काही आजचं नाही

वेगाचं वेड फटफटीबरोबर आलं, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनी जरा आपली जवानी आठवावी. पुणे जिल्ह्याच्या गावांतला बैलगाडा घ्या, नाहीतर विदर्भातला शंकरपट. खिल्लार खोंडाला पोटच्या पोरासारखं जपायचं, दूध-अंडी खाऊ घालायची, आणि वर्षभराची ती सगळी मेहनत काही सेकंदांच्या धावेवर लावायची. धुरळा उडतो, पुढं घोडी, मागं बैल, आणि सारा गाव श्वास रोखून उभा. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. मधल्या सात वर्षांत गावोगावची माणसं कशी तळमळत होती, ते आपण पाहिलंच आहे.

आजोबाला जे खोंडांच्या पाठीवर दिसायचं, तेच नातवाला टाकीच्या चकचकीत रंगात दिसतं. रक्त एकच आहे, वाहन बदललं. एवढं मनाशी धरलं, तर पोरावर निम्मा राग तिथंच उतरेल.

मांडीखाली काय असतं

आता थोडं यंत्राचं बोलू. इंजिनाची ताकद आपण हॉर्सपॉवरमध्ये मोजतो. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॅट यानं घोड्याच्या कामावरून हे माप बसवलं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. आपल्या बैलांच्या हिशेबानं सांगायचं, तर नांगराला जुंपलेली चांगली जोडी साधारण एक हॉर्सपॉवर काम देते. दूध घालायला जाणारी शंभर सी.सी.ची गाडी आठेक हॉर्सपॉवरची, म्हणजे आठ बैलजोड्या. हल्लीची ३४९ सी.सी.ची बुलेट वीस हॉर्सपॉवरची. वीस बैलजोड्या एका रांगेत उभ्या करून पाहा डोळ्यांसमोर. साऱ्या गावची बेंदराची मिरवणूक झाली! ती सगळी मिरवणूक पोराच्या उजव्या मुठीत येऊन बसते. मूठ पिळली की निघाली.

याहून पुढच्या गाड्याही आहेत. आपल्याच पुणे जिल्ह्यात, चाकणला, बजाजच्या कारखान्यात ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीची ३९० ड्यूक ही गाडी २०१३ सालापासून बनते. तिची ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्याही वर आहे. हा आकडा शेतकऱ्याला लगेच ओळखीचा वाटेल. नांगरट करणारा, उसाची ट्रॉली ओढणारा मधला ट्रॅक्टर तेवढ्याच हॉर्सपॉवरचा असतो. फरक असा, की ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो आणि ही गाडी पावणेदोनशे किलोच्याही आत. ट्रॅक्टरची ताकद जमीन फाडण्यात आणि ओझं ओढण्यात खर्ची पडते. इथं ओढायला ओझं काय, तर गाडी स्वतः आणि वरचं साठ-सत्तर किलोचं पोर. उरलेली सारी ताकद पळण्यात जाते. म्हणून अशी गाडी मूठ पिळल्याबरोबर गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी सुटते.

बुलेटची तऱ्हा मात्र निराळी. तिच्यापेक्षा जोरात पळणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत, तरी मान तिचा. मूळची ती इंग्लंडच्या रेडिच गावची. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि बुलेट आपल्याकडं बनू लागली, ती पुढं फौजेनं, पोलिसांनी आणि बागायतदारांनी डोक्यावर घेतली. तिकडचा कारखाना केव्हाच बंद पडला. इकडची बुलेट अजून चालू आहे.

जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. धाव लांब, आत जड फ्लायव्हील, त्यामुळं इंजिन सावकाश फिरतं. इंजिनाचे दोन फेरे झाले की आत एक भडका. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला नऊशे फेरे घेत असेल, तर सेकंदाला सात-आठ ठोके पडतात. छोट्या गाडीचा आवाज कानाला एकसंध लागतो. बुलेटचे ठोके मात्र वेगवेगळे ऐकू येतात आणि छातीवर पडतात, लांबच्या ढोलासारखे. माणूस भुलतो तो या ठोक्याला.

आणि जुनी बुलेट चालू करणं ही तर एक विद्याच होती. ॲम्पिअरच्या काट्याकडं बघायचं, डिकॉम्प्रेशनची दांडी दाबून दट्ट्या बरोबर जागेवर आणायचा, मग दांडी सोडून एकच किक, ती पण पुरती. अर्धवट मारली तर किक उलटी येऊन नडगी फोडायची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, सगळं जगाच्या उलट. ज्याला ती एका किकेत चालू करता येई, त्याच्याकडं सगळा बाजार वळून बघायचा. आता बटण दाबलं की काम झालं. तरी पण म्हातारे फिटर जुन्या गाडीचं नाव काढलं, की हातातला पाना खाली ठेवून बोलायला लागतात.

अंगावर काटा का येतो

मंडळी, आता नेमकी गंमत कशात असते ती पाहू. तुम्ही म्हणाल, वेगात. पण तसं नाही. विमान ताशी आठशे किलोमीटरनं जातं आणि आतली माणसं चहा पीत बसतात. कोणाच्या अंगावर काटा येत नाही. नुसता वेग शरीराला कळतच नाही. शरीराला कळतो तो वेगातला बदल, म्हणजे मूठ पिळल्यावर पाठीमागून बसणारा रेटा आणि वळणावर बदलणारी दिशा.

आयाबायांना हे सांगायला नको. पंचमीचा झोका आठवा. उभ्यानं झोका चढवला, की वरून खाली येताना पोटात गोळा येतो, आणि अगदी तळाशी पाय फळीवर घट्ट दाबले जातात, अंग दुप्पट जड झाल्यासारखं वाटतं. घाटातल्या वळणावर फटफटीवर अगदी हेच होतं. मोटारीत बसलेला माणूस वळणावर दाराकडं फेकला जातो. फटफटी मात्र वळणाच्या आत कलते, तिच्याबरोबर आपणही कलतो, त्यामुळं ती ओढ बाजूला न जाता सरळ खाली सीटमध्ये उतरते. एका वळणावरून दुसऱ्या वळणावर जाताना गाडी डावीकडून उजवीकडं झुलते, आणि खंबाटकी असो की आंबोली, सगळा घाट म्हणजे एक लांबलचक झोका होऊन जातो.

गाडी कलवण्याची खुबीही ऐकण्यासारखी आहे. वेगात असताना उजवीकडं वळायचं, तर उजवी मूठ हलकेच पुढं रेटायची. हँडल क्षणभर डावीकडं जातं, गाडी उजवीकडं कलते आणि वळते. सायकल चालवणारं पोरसुद्धा हे नकळत करतं. जाणून करायला शिकलं, की गाडी ताब्यात आल्यासारखी वाटते.

शिवाय अंगावर घोंगावणारा वारा, ऊस तोडलेल्या रानाचा वास, नाल्याजवळ एकदम लागणारा गारवा, हे सगळं काचेआड बसणाऱ्याला मिळत नाही. आणि एक गोष्ट आणखी. धोका जाणवला, की मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात उतरतं. छाती धडधडते, नजर तीक्ष्ण होते, मनातले बाकीचे विचार पळतात. ज्या पोराच्या डोक्यात दिवसभर लाइट कधी येणार, पाणी कधी सोडायचं, नोकरीचं काय, लग्नाचं काय, याचा कालवा चाललेला असतो, त्याला तेवढा अर्धा तास डोकं शांत मिळतं. बापानं ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पोरगा पेट्रोल जाळतो म्हणून आपण ओरडतो. तो पुष्कळदा काळजी जाळायला गेलेला असतो.

पण यातच एक फसवणूक आहे. डोळे वेगाला सरावतात. तासभर नव्वदनं आल्यावर साठचा वेग म्हणजे चाललो की नाही असं वाटतं. हायवेवरून गावाच्या फाट्याला वळणारं पोर स्वतःच्या मते सावकाश येत असतं, आणि शाळेसमोरची माणसं म्हणतात, मेलं कसं पिसाटासारखं आलं! दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत असतात. म्हणून वेग अंदाजानं ठरवायचा नसतो, काट्यावर बघायचा असतो.

विहिरीचं माप

आता हिशेबाकडं वळू. वेग दुप्पट झाला, की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे पुस्तकी वाटतं, म्हणून विहिरीच्या मापानं सांगतो. ताशी ४० किलोमीटरनं जाऊन भिंतीवर आदळणं म्हणजे वीस फुटांवरून खाली पडणं. ताशी ६० म्हणजे सेहेचाळीस फूट. ताशी ८० म्हणजे ऐंशी फुटांहून जास्त खोल कोरड्या विहिरीत पडणं. आणि शंभरनं आदळणं म्हणजे सव्वाशे फुटांच्या वर. आपल्या शिवारातल्या खोल विहिरीच्या काठावर उभं राहून एकदा आत वाकून बघा, म्हणजे स्पीडोमीटरचा काटा काय सांगतो ते कळेल.

थांबायलाही जागा लागते. डोळ्यांनी पाहिल्यावर हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातोच. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले, तर ४० च्या वेगात गाडी थांबायला सत्तर फूट लागतात, ८० च्या वेगात दोनशे. रात्री समोरून गाडी आली म्हणून लाइट डिम केला, तर उजेड पडतो जेमतेम शंभर-सव्वाशे फूट. म्हणजे ८० नं जाणारं पोर आपल्या उजेडाच्याही पुढं धावत असतं. जे दिसेल, ते चुकवण्याची वेळ आधीच निघून गेलेली असते.

आणि त्या अंधारात काय उभं असतं? मंडळी, इथं आपण सगळ्यांनी खाली मान घालायला हवी. गळिताचा हंगाम आला, की रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी असते. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर चिखलानं बरबटलेला. बाहेर आलेली उसाची टोकं. चाकाला दगड लावून ड्रायव्हर जेवायला गेलेला. एकाच्या घरचं पोर फटफटीवर आणि दुसऱ्याच्या घरची ट्रॉली रस्त्यावर, अशी गाठ पडते. भारी गाडीला नावं ठेवणाऱ्या बापानं आपल्या ट्रॉलीची मागची बाजू कधी पाहिली आहे का?

आणखीही सापळे आपणच मांडतो. पावसाळ्यात रानातून ट्रॅक्टर डांबरावर येतो आणि चिकणमातीचे थर सोडून जातो. त्यावर पावसाची एक सर आली, की रस्ता साबण होतो. सुगीत रस्त्यावरच खळं घालतो. पसरलेल्या धान्यावर फटफटीचं चाक म्हणजे गोट्यांवर पाय. पोरांना माझं सांगणं, की रानाचं फाटक दिसलं, खळं दिसलं, की आधीच वेग कमी करा आणि त्यावर कलू नका. ब्रेकही दाबायचा तो त्याच्या आधी.

ब्रेकबद्दल एक गैरसमज गावोगाव आहे, की पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो. खरं उलट आहे. ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नाही, लिंबू पिळतो तसा दाबत जायचा आणि मागचा सोबतीला द्यायचा. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना चाक अडकून न घसरू देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. तीही चिखलावर चमत्कार करत नाही, हे विसरू नका.

लॉरेन्सची गोष्ट

वेगाच्या वेडाची एक जुनी गोष्ट सांगतो. पहिल्या महायुद्धात अरबांच्या बाजूनं लढलेला टी. ई. लॉरेन्स हा इंग्रज अधिकारी जगभर गाजला. १९६२ साली त्याच्यावर मोठा सिनेमाही निघाला. युद्धानंतर तो नाव बदलून विमानदलात साधा शिपाई म्हणून राहिला, आणि त्याचं सगळं सुख ब्रॉ सुपीरियर नावाच्या फटफटीत होतं. हजार सी.सी.ची, त्या काळातली अत्यंत महागडी गाडी. एकामागून एक अशा सात गाड्या त्यानं वापरल्या. एका विमानाशी त्यानं लावलेल्या शर्यतीचं वर्णन त्यानंच लिहून ठेवलं आहे.

१३ मे १९३५ रोजी घराजवळच्या खोलगट रस्त्यावर समोर सायकलवरची दोन मुलं आली. त्यांना वाचवताना गाडी घसरली आणि तो डोक्यावर पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी तो गेला. वय ४६.

त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांच्या मनाला हे लागलं. त्यांनी डोक्याला मार लागलेल्या मोटरसायकलस्वारांचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचं महत्त्व दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश फौजेत कामावरच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. आज आपल्या दुकानात आयएसआय मार्कचं जे हेल्मेट टांगलेलं असतं, त्याच्यामागं ही अशी गोष्ट आहे.

आपल्याकडचं चित्र काय? २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांतली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची होती. सरकारी आकडेवारी सांगते, की हेल्मेट न घातलेली ५० हजार माणसं त्या एका वर्षात दगावली. हेल्मेट आरशाला टांगून नाहीतर कोपरात अडकवून फिरणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. आणि हेल्मेट घातल्यावर हनुवटीखालचा पट्टा लावावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट आपल्या आधी रस्त्यावर पडतं.

राजस्थानात जोधपूर-पाली रस्त्यावर एक देवस्थान आहे. तिथं काचेच्या पेटीत एक बुलेट ठेवलेली आहे, तिला हार घालतात, नवस बोलतात. ओम बन्ना नावाचा तरुण त्याच जागी झाडावर आदळून गेला, त्याची ती गाडी. पोलिसांनी ठाण्यात नेलेली गाडी आपोआप परत आली, असं भाविक सांगतात. श्रद्धेबद्दल मी काही बोलत नाही. एवढंच मनात येतं, की गाडी परत आली असं सांगतात, पण त्या घरचं पोर काही परत आलं नाही.

पैशाचं आणि कायद्याचं

बुलेट रस्त्यावर येईपर्यंत दोन लाखांच्या घरात जाते. टनाला तीन हजार हातात पडले असं धरलं, तर दोन लाख म्हणजे सहासष्ट-सदुसष्ट टन ऊस. एकरी चाळीस टनांनी जवळजवळ पावणेदोन एकराचं सारं पीक, आणि त्यातून बेणं, खत, मजुरी अजून वजा केलेली नाही. हप्त्यानं घेतली तर व्याज वर. शेतीच्या मिळकतीला महिन्याचा ठराव नसतो, हप्त्याला असतो. म्हणून पीककर्जाचा पैसा गाडीत घालू नये, हे तर अगदी कानाला खडा.

पोरगं अठरा वर्षांचं नसेल, तर विषयच संपला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ असं सांगतं, की अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. लायसन नसताना कोणाला धडक बसली, तर विमा कंपनी दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. मग सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे, ते आठवा.

सायलेन्सर काढून फटाके फोडत जाण्याचा एक नवा नाद आहे. त्यानं ताकद वाढत नाही, पोलिसांचा दंड तेवढा वाढतो. गोठ्यातली गाभण म्हैस दचकते, गाडीचे बैल बुजतात, दवाखान्यातली म्हातारी उठून बसते. बुलेटच्या मूळ ठोक्यात जी ऐट आहे, ती या ठॉ-ठॉमध्ये निघून जाते. खऱ्या शौकिनाला विचारा, तोही हेच सांगेल. तसंच, बरं दिसत नाही म्हणून मागच्या चाकाची जाळी, म्हणजे साडी गार्ड, काढून टाकतात. नियमानं ती जाळी हवीच. मागं आई बसणार आहे, बहीण बसणार आहे, तिचा पदर आणि ओढणी त्या चाकाजवळ असणार आहे.

आणि लग्नात गाडी मागणाऱ्यांना एकच सांगतो. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सासऱ्याच्या जमिनीचा तुकडा विकून आणलेल्या गाडीवर छाती काढून बसण्यात कसली मर्दुमकी? स्वतःच्या घामाची जुनी गाडीसुद्धा त्याहून शोभते.

मग घ्यायची की नाही?

माझं मत विचाराल, तर साफ नको असंही म्हणत नाही आणि डोळे झाकून घ्या असंही नाही. पोरगं एकवीस-बावीसचं झालंय, रानात राबतंय, छोट्या गाडीवर दोन-तीन वर्षं धडपणे फिरलंय, आणि निम्मे तरी पैसे त्यानं स्वतःच्या दुधाच्या, भाजीच्या नाहीतर रोपवाटिकेच्या कमाईतून जमवलेत, तर बापानं उरलेला भार उचलायला हरकत नाही. स्वतःचे पैसे घातलेली गाडी माणूस जपून चालवतो. आणि हा विचार लेकीलाही लागू आहे. ती मागतेय म्हणून हसू नका. बुलेट चालवायला मनगटापेक्षा डोकं जास्त लागतं.

घेतलीच, तर घरात बसून चार गोष्टी ठरवा आणि पाळा. पहिले पंधरा दिवस कापणी झालेल्या मोकळ्या मैदानात नाहीतर सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर सराव, ब्रेकचा आणि वळणाचा. रात्री लांबचा प्रवास नाही, आणि अंधारात ५० च्या पुढं काटा नाही. पोटात थेंब गेला असेल, तर गाडीची किल्ली आईच्या हातात. बसणारे दोघं, हेल्मेटही दोन. जत्रेला तिघं जायचे असतील, तर एसटी आहे.

पोरा, तुला वेगळं सांगतो. मौज वेगातल्या बदलात असते, हे वर सांगितलं ते विसरू नकोस. हायवेवर काटा ११० वर नेऊन बसलास, तर पाच मिनिटांत डोळे सरावतील आणि तुला १२० हवे होतील. त्या रस्त्याला शेवट नाही. त्यापेक्षा दिवसाउजेडी, कोरड्या घाटात, ४०-५० च्या वेगात एकेक वळण नीट घे. आधी वेग उतरव, मग नजर वळणाच्या शेवटाकडं टाक, मग हलकेच कल, आणि बाहेर पडताना मूठ पिळ. झोका तोच मिळेल, आणि संध्याकाळी घरी येऊन धारही काढशील. ज्याला हे जमलं, त्याला गाडी आली म्हणायची. सरळ रस्त्यावर मूठ पिळायला कोणालाही येतं.

आणि बापमंडळींनो, पोरानं गाडी आणली तर एकदा त्याच्या मागं बसून कारखान्यापर्यंत जाऊन या. उतरल्यावर शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या, पण तो कशासाठी हट्ट धरत होता ते तुम्हाला कळलेलं असेल, आणि तो कसा चालवतो तेही कळलेलं असेल. दोन्ही माहीत असलेलं बरं.

तूर्त एवढंच. गाडीचं ठरायला वेळ लागेल, घरात चार दिवस बोलणं होईल. ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर आहे का आणि तो पुसलेला आहे का, ते मात्र आज संध्याकाळीच बघा.